हॅझलडेनमध्ये ‘कीपर’ म्हणतात

१७, बँकफील्ड रोड,
हॅझलडेन, लँकशर.
मंगळवार, ३ मार्च २००९

प्रिय रस,

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटेना म्हणून आधी खालचं नाव बघितलं असशील. होय, ट्रेव्हरच आहे. तू आणि रोझ बरे असाल, मुली मार्गी लागल्या असतील. ग्रिम्स्बीचा वारा आमच्या इथल्यापेक्षा वाईट असं ऐकतो, तेव्हा छाती जप.

आमचं ठीक चाललंय. डिसेंबरात डावा गुडघा बदलून घेतला. सर्जनने फोटो पाहून विचारलं, एवढी वर्षं करत होतात तरी काय? मी म्हटलं, फुटबॉलच्या चौथ्या डिव्हिजनमध्ये सेंटर हाफ होतो, बचावाच्या मधोमध. तो बिचारा क्रिकेटवाला, नुसती मान हलवली. एप्रिलपासून पुन्हा गाडी शिकवायला लागेन. मधल्या तीन महिन्यांत गावातले सगळे खांब शाबूत राहिले, त्यावरून माझ्या शिकवण्याची किंमत कळते असं आमची ग्लेनिस म्हणते. तिचं तोंड अजून तसंच आहे.

क्लबचं काय सांगू? लीगमधून पडल्यावर आणखी दोन पायऱ्या खाली आलो. आता माझ्या जागी एक प्लंबर खेळतो आणि तुझ्या जागी, गोलमध्ये, भूगोलाचा मास्तर. मास्तर बरा आहे, पण उंच चेंडूला भितो. तीनशे माणसं येतात, त्यातली निम्मी एकमेकांशी भांडायला. स्टेशनच्या बाजूचा स्टँड पाडून नवा बांधलाय, लहानसाच. त्याला माझं नाव देणार आहेत, येत्या चौदा तारखेला, शनिवारी, मॅचच्या आधी. चारशे एकतीस सामने, अकरा गोल, नाक तीनदा मोडलं, एवढं फलकावर येणार. ‘हॅझलडेनचा निष्ठावान कप्तान’ असंही येणार. एका क्लबात चौदा वर्षं काढणारा माणूस एक तर निष्ठावान असतो, नाही तर त्याला दुसरं कुणी विचारलेलं नसतं. माझं काय होतं ते तुला माहीत आहे.

तुझ्या आईच्या अंत्यविधीला आलो होतो. तू पाहिलंस, मान हलवलीस, एवढंच बोलणं झालं. डोरीनबाईंना विसरणं कठीण आहे. थंडीत थिजून मैदानाबाहेर यायचं आणि त्यांच्या टपरीच्या खिडकीतून तो काळा चहा घ्यायचा. साखर किती, हे त्यांनी कधी विचारलं नाही, त्यांच्या मनाला येईल तेवढी. तू क्लब सोडून गेल्यावरही त्या टपरी चालवत राहिल्या, खिडकीशी कुणी तुझ्याबद्दल वाकडं बोललं की त्याला चहा मिळायचा नाही. माझ्याशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पण चहा मात्र देत होत्या. मग पंच्याण्णवच्या हिवाळ्यात एकाएकी टपरीची किल्ली कमिटीकडे देऊन टाकली. का, ते कुणाला कळलं नाही.

अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमधला तो चहा. तू कोट अंगावर ठेवूनच उभा होतास. आत स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातून बशी फुटली आणि बश्या धुणारी ती सोळा-सतरा वर्षांची पोर म्हणाली, “कीपर.” तिला काही माहीत नव्हतं, रस. तिचा जन्मही नव्हता झाला तेव्हा. आपल्या गावात आता असंच म्हणतात. पबमध्ये ग्लास पडला, कुणाच्या हातून अंडी फुटली, कुणी बस चुकवली, की ‘कीपर’. माझ्या नातवाच्या हातून चमचा पडला तरी तो हेच म्हणतो, आणि तो साडेतीन वर्षांचा आहे. तू कप खाली ठेवलास आणि निघून गेलास. अजून केकही कापला नव्हता.

त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. आज लिहू, उद्या लिहू करत पंधरा दिवस गेले. वर जे क्लबचं आणि गुडघ्याचं लिहिलं ते सगळं टाळाटाळीचं होतं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

आता लिहितो.

सात मे अठ्ठ्याऐंशी. बरोबरी झाली असती तरी आपण लीगमध्ये राहत होतो. त्र्याऐंशीवं मिनिट, त्यांनी अर्ध्या मैदानातून उंच मारलेला तो चेंडू माझ्या खांद्यावरून आला, त्यांचा नऊ नंबर माझ्या पाठीला चिकटलेला. मागून तू ओरडलास, “उडव.” पुन्हा ओरडलास, “ट्रेव्ह, उडव.” मला ते स्वच्छ ऐकू आलं. शाळेची घंटा ऐकू येते तसं.

मी उडवला नाही. गुरुवारी त्या डाव्या गुडघ्यात दुखणं दाबायची सुई घेतली होती, हाफ टाइमला परत एक. डॉक्टर आणि मी, दोघांनाच माहीत. उजव्या पायाने मारायचं तर सगळा भार डाव्यावर पडणार, आणि तो पाय मोडून मी सगळ्यांच्या देखत खाली बसणार. करार संपत आला होता. राहतं घर क्लबचं होतं, ग्लेनिसला सातवा महिना. एवढं सगळं एका क्षणात सुचतं, हे खोटं वाटेल, पण सुचतं. मी हात पसरून त्या नऊ नंबरला अडवून उभा राहिलो, जणू तू येतोयस आणि मी तुला वाट करून देतोय. तू येत नव्हतास. तू कशाला येशील? चेंडू आपल्या दोघांच्या मधे टप्पा खाऊन उडाला आणि तो पोरगा मधे घुसला. गोल झाला, आणि आपण लीगमधून गेलो.

आणि मग मी तुझ्याकडे वळून दोन्ही हात उघडे केले. ‘कीपर म्हणालास ना, सोड, चेंडू माझा म्हणालास ना?’ असे. तोंडाने बोलायच्या आधी हातांनी खोटं बोललो. सहा हजार माणसांनी कप्तानाचे ते हात पाहिले आणि तिथेच निकाल लागला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच.

आत मॅनेजरने विचारलं. तू म्हणालास, “ट्रेव्ह, मी उडव म्हटलं होतं.” मी बूट सोडत होतो. मान वर न करता म्हणालो, “रस, अख्ख्या ग्राउंडने ‘कीपर’ ऐकलं.” त्या गोंगाटात अख्ख्या ग्राउंडला स्वतःचं नावही ऐकू आलं नसतं. पण सगळ्यांनी माझंच खरं धरलं. बुधवारी दारावर यादी लागली, पुढच्या वर्षी कोण राहणार, कोण जाणार. माझं नाव होतं, दोन वर्षांसाठी. तुझं नव्हतं. तू चोवीस वर्षांचा होतास आणि मी पाहिलेल्या गोलकीपरांत सगळ्यात चांगला होतास. हे मी त्या वेळी कुणाला तरी सांगायला हवं होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान भित्रा म्हणून सुटलो असतो. पण पुढे जेवणावळींना भाषणं करायला लागलो. ‘रस ओरडला कीपर, आणि चहाला घरी गेला.’ लोक टेबलं बडवायचे. शंभरदा तरी सांगितला असेल हा विनोद. गेल्या नोव्हेंबरातही सांगितला. गावाच्या तोंडी तो शब्द मी घातला, रस. दुसऱ्या कुणी नाही.

शनिवारी माईकवर तोच किस्सा सांगा, असा कमिटीचा आग्रह आहे. मला त्याऐवजी खरं सांगायचंय. पण इतक्या वर्षांनी तुझं नाव पुन्हा चव्हाट्यावर आणू का, हे तुला विचारल्याशिवाय करवत नाही. तू नको म्हणालास तर आजारी असल्याचं सांगून घरी बसेन. हो म्हणालास तर सांगेन. तुझ्या उत्तराची वाट पाहतो. क्षमा मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

तुझा कप्तान म्हणवून घेणारा,
ट्रेव्हर ऍस्पिनॉल


ग्रिम्स्बी,
सोमवार, ९ मार्च २००९

ट्रेव्हर,

पत्र मिळालं. रोझने वाचलं, मग मी वाचलं, मग तिने परत वाचलं आणि तुझ्याबद्दल जे बोलली ते इथे लिहीत नाही.

आम्ही बरे आहोत. मी मासळीच्या कोल्ड स्टोअरमध्ये आहे, एकोणीस वर्षं झाली. छाती ठीक आहे.

आईने टपरी का सोडली ते तुला सांगतो, कारण ते सांगायला आता दुसरं कुणी उरलं नाही. पंच्याण्णवला तिने खिडकीतून ‘कीपर’ म्हणून हसणाऱ्या एका माणसाच्या अंगावर चहा ओतला. त्याला फोड आले, पोलीस घरी आले. साठीची बाई, माझ्यापायी. मी रविवारी गाडी काढून आलो आणि तिला म्हणालो, “आई, पुरे आता. मी ‘कीपर’च म्हणालो असेन. माझंच चुकलं असेल.” तिने एप्रन काढून खुर्चीवर टाकला. म्हणाली, “मग सात वर्षं मी कोणासाठी भांडले?” दुसऱ्या दिवशी किल्ली दिली. त्यानंतर आमच्या घरात फुटबॉलचा शब्द निघाला नाही. जाईपर्यंत तिला वाटत होतं की मॅचच्या दिवशी मी तिला जे सांगितलं ते खोटं होतं.

आणि मी तिला गप्प करायला तसं म्हणालो, असंही समजू नकोस. तोवर मला तसंच वाटायला लागलं होतं. तू इतक्यांदा सांगितलंस, इतके लोक हसले, की माझ्याच कानात तो शब्द येऊन बसला. कामावर हातातली पेटी तशीच धरून मी आठवायचा प्रयत्न करायचो, की मी नक्की काय ओरडलो. तोंड उघडलेलं आठवायचं, शब्द आठवायचा नाही. नोकरी गेली त्याचं फार वाटत नाही, चौथ्या डिव्हिजनच्या कीपरला तशीही ती किती वर्षं मिळणार होती? पण स्वतःच्या तोंडून काय गेलं, हे माणसाला माहीत असावं.

माझी परवानगी मागू नकोस. त्या दिवशी तू मला विचारलं नव्हतंस. शनिवारी काय करायचं ते तुझं तू ठरव. मी हो म्हटलं तर तू माझ्या सांगण्यावरून बोललास असं होईल, नको म्हटलं तर माझ्या सांगण्यावरून गप्प बसलास असं होईल. दोन्हींतलं काही मी करणार नाही.

एक मात्र कर, आणि हे विचारत नाही, सांगतो. आईकडे जा. टेकडीवरच्या कबरस्तानात, वरून तिसऱ्या रांगेत, भिंतीकडून पाचवी. दगड अजून बसवलेला नाही, लाकडी फळी आहे. चढ आहे, तुझ्या नव्या गुडघ्याला जड जाईल, तरी जा. मला जे लिहिलंस ते तिला तोंडाने सांग. मोठ्याने सांग, शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं.

मी ‘उडव’ म्हणालो होतो.

रसेल कर्शॉ