बाबांच्या डाव्या हाताला

३ मार्च
चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

बाबा जाऊन पंधरवडा झाला. दवाखान्यात एक दिवस तोंड दाखवून गेलास तो गेलासच. मातीलाही आला नाहीस, एक ओळ नाही. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांच्या पलटणीतले सोबती आणि पूल खात्यातली माणसं घरी येणार आहेत. युद्धात रातोरात नदीवर पूल कसा टाकला, सुरुंग उडाला तेव्हा साहेब कसे वाचले, पुढे खात्यात किती पूल उभे केले, हे सगळं ते सांगतील. नव्वदी गाठलेला माणूस, सांगायला कमी नाही. पण आई अंथरुणाला खिळली तेव्हा बाबा माझी वेणी घालायला शिकले, आणि ती दोरखंडासारखी अशी आवळायचे की डोळे कपाळात जायचे, हे कोण सांगणार? तुला ताप आला की खांद्यावर टाकून एका हाताने नकाशे काढायचे, ते? आईच्या दुखण्यात माझी शाळा सुटली. चार माणसांत बोलायला गेले की भांडल्यासारखं वाटतं. तू ये.

रागावले आहे, पण माया आटलेली नाही. तूही आटवू नकोस.
तुझी ताई

७ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी येणार नाही. इंजिनियरिंग अर्ध्यावर सोडून मी भटारखान्यात शिरलो, तेव्हा बाबा म्हणाले होते की अर्धवट कामं करणाऱ्याला या घरात जागा नाही. मीही हट्टाने फिरकलो नाही. त्या दिवशी दवाखान्यात तू नळावर थर्मास धुवायला गेलीस आणि मी खाटेशी बसून घशात अडकलेलं सगळं बोललो. चुकलो म्हणालो. माफ केलंत का, विचारलं. ते छताकडे बघत राहिले. मी इथेच थांबू का, विचारलं, तर डोळे मिटून घेतले. समजलो काय ते, आणि तसाच गाडीला गेलो. आता त्यांचे गोडवे गायला कोणत्या तोंडाने उभा राहू?

तुझा लोभ तेवढा राहू दे, दुसरं मागायला कुणी उरलं नाही.
धाकटा

१० मार्च
चि. धाकट्यास आशीर्वाद. आज ते दात ओठ खाऊन देते आहे.

अरे गाढवा, बसलास कुठे? उजवीकडेच ना? डावीकडे तर भिंत होती! त्या सुरुंगात बाबांचा उजवा कान कायमचा गेला. कळलं तर घरी बसवतील, म्हणून आईशिवाय कुणाला सांगितलं नाही. आई गेली तेव्हा मला सांगितलं. म्हणून तर जेवताना आई आपल्याला त्यांच्या डाव्या हातालाच बसवायची. आपण समजायचो, फौजेतली शिस्त! हल्ली डावाही मंदावला होता, तोंड लावून ओरडावं लागायचं. जन्मभराचं साठवलेलं तू मेलेल्या कानात ओतून आलास. तुला कधी सांगावं हे सुचलंच नाही मला. इतकी वर्षं अंगवळणी पडलेलं, कोण सांगतं?

माफ केलं असं ते मला म्हणाले नाहीत. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही. ऐकलंच नाही तर माफ काय करणार?

मी थर्मास घेऊन आले तर विचारायला लागले की धाकटा एवढा वेळ काय सांगत होता. मला काय माहीत? तसं ओरडून सांगितलं. मग म्हणाले की खाट भिंतीपासून ओढ, उद्या त्याला या बाजूला बसव. ओढली बाई कशीबशी. तू गाव सोडलंस हे मला संध्याकाळी कळलं, पण त्यांना सांगायला जीभ रेटली नाही. नर्स रोज सकाळी कुरकुरायची की खाट मध्येच काय ठेवलीय, जायला वाट नाही. बाबा रोज तिला सांगायचे की राहू द्या, मुलगा यायचाय.

शेवटच्या सकाळीही सांगितलं.

लोभ आहे, तो काय वेगळा लिहायचा.
ताई