बावीस मिनिटांचा चहा

आदरणीय भाऊजींस,

सादर नमस्कार. ताईच्या गुडघ्यांना आराम पडला असेल आणि तुमच्या दुकानात बिघडलेल्या मिक्सरांची रांग लागली असेल, अशी आशा करतो (तुमचा धंदाच असा, की चार घरांचे वाईट चिंतल्याशिवाय तुमचे भले चिंतता येत नाही). मी इथे परदेशी मुलीकडे सुखरूप आहे.

आता कबुली देतो. मुलीची किटली बिघडली म्हणून मी आपली घेऊन निघालो, तेव्हा तुम्ही बजावले होते की तिकडे व्होल्टेज निम्मे, ही किटली जळणार नाही, पण धड चालणारही नाही. त्यावर मी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ठणकावले, की वीज ती वीज, ती देश पाहून वागत नाही. फार तर चहाला दुप्पट वेळ लागेल. भाऊजी, वीज देश पाहूनच वागते. शिवाय व्होल्टेज निम्मे झाले की उष्णता निम्मी नव्हे, चौथाई होते. इतका अन्याय मी एकाही सरकारचा पाहिला नव्हता. पाच मिनिटांचे पाणी बावीस मिनिटांनी उकळते.

त्यात व्याहीही इथेच मुक्कामाला. मुलीच्या लग्नात मी लग्नातल्या उधळपट्टीवर पाऊण तास बोललो, जेवणे गार झाली, आणि खर्च सगळा त्यांचा होता. त्यानंतर सहा वर्षे आमच्यात अवाक्षर नाही. मुलीने यंदा दारातच हात जोडले, "बाबा, महिनाभर फक्त भांडू नका." दिवसा ती आणि जावई कामावर जातात. आम्हा दोघांना गॅस लावायला बंदी (पातेले व्याह्यांनी जाळले, शिक्षा दोघांना). म्हणजे चहा हवा तर किटलीपाशी उभे राहणे आले.

पहिल्या दिवशी दोन म्हातारे एका किटलीकडे बघत गप्प उभे. पंधराव्या मिनिटाला ते म्हणाले, "तुमच्या त्या भाषणात हिचे दोन चहा झाले असते."

मी म्हटले, "तेव्हा कुणी चहा विचारला असता, तर थांबलो असतो हो."

"विचारला होता. दोनदा."

मला हसू फुटले, आणि मग त्यांनाही. तेव्हापासून रोज दोन सभा होतात. विषय कोणताही असो, किटलीचा खटका पडला की बोलणाऱ्याने अर्ध्या वाक्यात थांबायचे. इतकी कडक अध्यक्षा मला सभा गाजवण्याच्या चाळीस वर्षांत भेटली नव्हती. काल जमिनीच्या वाटपावर त्यांनी मला चक्क निरुत्तर केले (त्यांनी आयुष्यभर जमिनी मोजल्या, मी जमिनीवर फक्त भाषणे केली). हरण्यात एवढी मजा असते, हे आधी कुणी सांगितले असते तर पुष्कळ वेळा हरलो असतो.

असो. तुमचे बरोबर होते, माझे चुकले. ताईला हे दोनदा वाचून दाखवा.

आपला,
मेहुणा

ता. क. : आमची कीव येऊन जावयाने व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मागवला आहे. सोमवारी येतो. मग चहा पाच मिनिटांत, आणि पाच मिनिटांत माझी प्रस्तावनाही होत नाही. आम्हाला गप्पांसाठी बावीस मिनिटेच हवीत हे खरे सांगावे, तर मुलगी विचारेल की मग सहा वर्षे का गप्प होतात, आणि त्याला आमच्याकडे उत्तर नाही. तेव्हा तुमच्या दुकानाच्या कागदावर शिक्क्यानिशी लिहून फोटो पाठवा, की ही किटली ट्रान्सफॉर्मरवर चालवणे धोकादायक आहे. मी असत्याविरुद्ध किती बोललो आहे, ते या वेळी कृपया आठवू नये.

आणखी एक ता. क. : व्याही शेजारी बसून वाचत आहेत. 'अतिशय धोकादायक' असे घाला म्हणतात. मी म्हटले, आमचे भाऊजी अतिशयोक्ती करत नाहीत. त्यावर म्हणाले, "मेहुण्याकडून शिकतील."