दोन वल्ही, मग थांबा

वेसावे,
३ ऑक्टोबर २०२५

चि. जया हिस, वनमालाबायचे अ. उ. आशीर्वाद.

अर्धांगाच्या झटक्यानं तुझी जीभ जड केली. फोनवर तुझे शब्द मला उमगत नाहीत, मग तू चिडतेस आणि मी रडते. त्यापेक्षा कागद बरा. मी सांगते, नात हेमांगी लिहिते, मढच्या फेरीवरचा गुणाजी पोचवतो.

विचारतेस, दीड वर्षात बहिणीला खाडी का ओलांडता आली नाही. पाय गं, दुसरं काय! मावऱ्या-मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ज्यांनी अंधेरीचा बाजार गाठला, ते आता होडीच्या काठावरून पलीकडं पडत नाहीत. पोटरीला हात लावला तर सुका बोंबील. डॉक्टरीणबाई म्हणाली, हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठा. दोनदा उठले. तिसऱ्यांदा तिला म्हटलं, आता तू बस. ती म्हणते, वयानं अंगातलं मांस झडतंय, मासे-अंडी खा, उठबस करा. खाते की, म्हटलं. पोरं मालाडवरून वळसा घालून गाडीनं नेतो म्हणतात. मी आयुष्यात होडीत ओकले नाही, गाडीत वेशीपर्यंतही टिकत नाही.

आणखी एक. दुपारी घर निजलं की डाव्या कानात वल्हं वाजतं. दोन वल्ही, मग थांबा. डॉक्टरीण सांगते, मानेतली नस कडक झालीय, रक्त आपटतं ते ऐकू येतं. असेल. पण तुझे भावजी बोटीपर्यंत होडी अशीच वल्हवायचे. एकतीस वर्षांत दर्यानं त्यांचं काहीच परत दिलं नाही, जये. काठावर पाय उचलला की वाटतं, आत तेच बसलेत. मला न्यायला.

औषध वेळेवर घे. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी बाय

ता. क. जयाआजी, हे आजीला वाचून दाखवलेलं नाही. ती मासे खात नाही. रामनाथआजोबा गेल्यापासून एक तुकडा नाही. पानात घेते आणि सगळे उठले की मांजराला घालते. मी पाहिलंय. — हेमांगी


मढ,
११ ऑक्टोबर २०२५

ती. बाय हिस, जयाचा शि. सा. न.

डाव्या हातानं लिहिते, म्हणून थोडं लिहिते. हेमांगी, सगळं मोठ्यानं वाच. माझी शपथ आहे.

बाय, मांजर लठ्ठ झालंय म्हणे. पोरीवर डोळे वटारू नकोस. ज्या दर्यानं भावजींना गिळलं, त्यातलं मावरं तोंडात कसं घालू, असंच ना? मग तेच मावरं पाटीत घालून अख्ख्या अंधेरीला कसं गं खाऊ घातलंस?

तुझ्या कानातलं वल्हं मलाही ऐकू यायचं. झटक्याआधी महिनाभर. माझे मालक बँकेत शिपाई, जन्मात वल्हं धरलं नाही. मग मला न्यायला कोण आलं होतं? मीही कुणाला सांगितलं नाही, म्हणून आज ही जीभ अशी. रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस.

मला आता जिना उतरवत नाही. यायचं तुलाच आहे. माझ्याकडं येणारे पाय तू त्यांच्या नावानं उपाशी ठेवलेस. मी किती दिवस आहे ते डॉक्टर सांगत नाही, आणि विचारलं की घरचे खिडकीबाहेर बघतात.

राग आला तरी लोभ सोडू नकोस.

तुझी जया


वेसावे,
२२ जानेवारी २०२६

चि. जया हिस, अ. उ. आशीर्वाद.

तीन महिने पत्र नाही, कारण रुसले होते. हेमांगीशी आठ दिवस बोलले नाही, तुझ्याशी जास्त. तू तिच्याहून मोठी, म्हणून तुला जास्त.

दिवाळीनंतर एका दुपारी हलवा माशाची तुकडी पानात घेतली. मांजर समोर येऊन बसलं. एकेक काटा काढला, उजेडात धरून पाहिला. काय शोधत होते ते विचारू नकोस. सापडलं नाही. मग खाल्ली. तोवर भात गार झाला होता. मांजर तेव्हापासून माझ्याकडं पाठ करून बसतं.

आता रोज मासा, रोज खुर्ची. हेमांगी हवालदारासारखी समोर उभी राहून मोजते. काल पाच झाले. पाचव्याला कण्हले, पण हात टेकला नाही. गोळीही घेते. आवाज लांब गेलाय, खाडीच्या मध्यावर गेल्यासारखा. थांबलेला नाही.

बुधवारी सकाळच्या फेरीनं येते. धक्क्यावर हात द्यायला कुणाला उभं करू नकोस. तू फक्त खिडकीत बस. लोभ या खेपेला कागदावर मागत नाही, समोर बसून वसूल करीन.

तुझी बाय
(अंगठा तिचाच. पत्र दोनदा वाचून दाखवलंय. — हेमांगी)

ता. क. हे माझं आहे, पोरीचं नाही. होडीत ते बसलेले असतील तर असोत. मी त्यांच्याशेजारीच बसेन. सांगेन, वल्हवा, पण मला मढला सोडा. जया वाट बघतेय.