तुझ्या चित्राची वरची बाजू

प्रिय सुमन,

आज सकाळी तुझं चित्र भिंतीवर लागलं. आपल्या पल्लवीच्या नव्या घरात, नवा रायपूरला, दारातून शिरलं की अगदी समोर. तुला कळवल्याशिवाय राहवेना. शिवाय थोडं भांडायचंही आहे.

भांडण असं, की बाई, चित्राची वरची बाजू कोणती ते सांगून का गेली नाहीस? चारही बाजू सारख्या. निळा, राखाडी, एका कडेला हळदीसारखा पिवळा. ना झाड, ना माणूस, ना सही! स्टीलच्या प्रत्येक वाटीवर नाव कोरून घेणारी तू. तुझा चमचा चुकून शेजारी गेला, तरी संध्याकाळपर्यंत घरी परत. आणि जन्मात एकच चित्र काढलंस, ते तेवढं बिननावाचं?

पल्लवी म्हणाली, "बाबा, पीला ऊपर रहेगा. सूरज है."

जावई म्हणाले, "पीला नीचे. धान का खेत है, साफ दिख रहा है."

"अगं पोट्टे, तुझ्या आईनं ना सूरज काढला, ना खेत," मी म्हटलं.

"तो फिर क्या है?"

आता मी काय सांगू? मी तर त्याला भिंतीची ओल म्हणायचो, आणि तू मला "कारखानदार" म्हणून फटकारायचीस!

शेवटी पल्लवी हळूच म्हणाली, "आई का एक ही तो है. गलत टाँगने से अच्छा, पेटी में रहने दो." वास्तुपूजा तोंडावर, आणि तुझं चित्र पेटीत?

ते चित्र मला समजावं म्हणून मी तुझ्या चित्रकलेच्या क्लासात नाव घातलं. किती मागे लागायचीस, "चला ना जी एक दिवस. मशीन काय पळून जाऊन राहिली?" तेव्हा जमलं नाही. आता गेलो, तुझेच ब्रश घेऊन.

मॅडमनी सांगितलं, तीन रंग घ्या, मोठा ब्रश घ्या, पेन्सिल नको. "और अंकल, कोई चीज नहीं बनानी है."

चीज नाही बनवायची! उरला गावच्या आपल्या कारखान्यात सारी हयात मी दुसरं केलं काय? मी आपला खिशातून गुण्या काढला, काटकोन तपासले, पाणसळ लावून कॅनव्हास सरळ केला, बरोबर मध्य काढला आणि मग रंगाला हात घातला. मॅडम जवळ येऊन वाकल्या.

"अंकल, ये तो गेट बन गया."

पुढच्या वेळी पुन्हा गेट. या खेपेला जाळीचा. मागे दोन बाया कुजबुजल्या, "आज भी गेट ही बनाएँगे क्या?" माझे कान तुला माहीत आहेत. पेचकसाचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून कुठली बेअरिंग गेली ते सांगणारा माणूस मी. वळून म्हटलं, "हव दीदी, आपको चाहिए तो रेट भी लगा दूँगा." सारा क्लास हसला. तू असतीस तर पदर तोंडात घातला असतास!

मग मॅडमनी माझा गुण्या जप्त केला. म्हणाल्या, "हाथ अटके तो कैनवास घुमा दो. चारों तरफ से काम करो."

फिरवला. आणि सुमन, गेट पडलं! केशरी काळ्यावर रेलला, मधली पांढरी जागा एकदम श्वास घ्यायला लागली. बंद पडलेली मोटर गुणगुणत सुरू व्हावी तसं वाटलं. मला पहिल्यांदा कळलं, तू क्लासातून घरी गाणं म्हणत का यायचीस.

रंग पातळ झाला होता. एक ओघळ खाली आला. मी कॅनव्हास पुन्हा फिरवला, तर पुढचा ओघळ पहिल्याला आडवा.

मी ब्रश तिथंच ठेवला आणि स्कूटर काढली. घरी येऊन तुझं चित्र खिडकीपाशी तिरपं धरलं. निळ्याचे ओघळ एकीकडे, राखाडीचे दुसरीकडे, पिवळ्याचे तर उरलेल्या दोन्हीकडे. चारही बाजूंना! तू चित्र फिरवत फिरवत काढलंस. वरची बाजू नव्हतीच! हे सांगायला काय झालं होतं?

मग मात्र कारखानदाराचं डोकं चाललं. चौकटीच्या पाठीमागे पट्टी, पट्टीच्या मधोमध बेअरिंग, आणि दर पाव फेऱ्याला चित्र थांबावं म्हणून स्प्रिंगवर एक पोलादी छर्रा. आधी बारीक घरघर होती. दुसऱ्या कुणाला ऐकू आली नसती, पण मला आली. ग्रीस भरलं. आता फक्त "कट्". आणि गोलबाजारातल्या भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून मागच्या पत्र्यावर, तुझ्या वाट्यांवर असतं तसंच, ठिपक्याठिपक्यांनी कोरून घेतलं: सौ. सुमन.

आज पल्लवीनं चित्र फिरवलं. कट्. "सूरज!" जावयांनी फिरवलं. कट्, कट्. "खेत!" पूजा सांगायला आलेल्या गुरुजींनीही हात पुसून एकदा फिरवून पाहिलं.

"झगड़ा खतम," पल्लवी डोळे पुसत हसत म्हणाली. "तीन दिन सूरज, तीन दिन खेत."

"और इतवार?" जावयांनी विचारलं.

"इतवार आई का. जहाँ रुके."

तर सुमन, दर इतवारी मी तिथं जाईन. तुझं चित्र जोरात फिरवून सोडून देईन आणि ते जसं थांबेल तसं पाहत चहा पिईन. ग्रीस कधी सुकू देणार नाही. आणि माझं ते पडलेलं गेट पुरं करीन. त्याची वरची बाजू कोणती, हे मीही कोणाला सांगणार नाही. बसा म्हणावं भांडत!

तुझाच,
कारखानदार