एकाच तोंडाचे साक्षीदार

४ जाने. २००४, सावंतवाडी
मिठबावला जाऊन आले. आबा (आईचे मामा, एकेकाळी दशावतारातले नावाजलेले स्त्रीपार्टी) बोलता बोलता म्हणाले, त्यांच्या कंपनीत एकदा खरीच बाई उभी राहिली होती. दशावतारात बाई! लुगडी नेसतात ते पुरुषच, असं मी आजवर लिहीत आले. हे खरं निघालं तर एम.फिल.चं प्र. ४ अख्खं नवं. एस.टी.त एकटीच हसत होते.

११ जाने.
गाईड सर थंड. दुसरा साक्षीदार आणा, नाहीतर ते पान काढा. मार्चअखेर प्रबंध द्यायचाय. आणीन.

२५ जाने.
परत आबा. मागे ती बाई पेटीवाल्याची बहीण होती, आज कुणा मानकऱ्याची सून. दशावतारी नटांचे संवाद कधी लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या रचायचे. हाडात मुरलेली सवय. माझे डोळे मोठे झाले की गोष्टही मोठी होते. शेवटी तेच म्हणाले, "बाय, तुका कसा व्हया ता सांग, तसा सांगतंय." स्वतःचाच राग आला.

१९ फेब्रु.
काल कुणकेश्वरची जत्रा. तीन जुने नट गाठले. तिघेही छातीठोक, होय, बाई होती. पेढे घ्यायचेच बाकी. मग विचारलं, पाहिलीत? नाही, ऐकलं. कुणाकडून? आबांकडून. तिघेही! कप्पाळ माझं.

७ मार्च
मिठबाव. वही पिशवीतच. बाईचा विषय काढलाच नाही, आबांबरोबर काजूगर सोलत बसले. बऱ्याच वेळाने, मान वर न करता:
"त्या रातीक माजो पार्ट तिना केल्यान. लोक तिकाच बघीत रवले. मगे मी लुगड्याक हात लावूक नाय."
घरात आम्ही ऐकत आलो ते पाठ धरली म्हणून सोडलं असं. हे कुणी टाळ्यांसाठी सांगत नाही. नाव विचारलं, सांगितलं. लगेच, "लिवू नको. जिती आसा ती. घरात कोणाक म्हायत नाय."

१४ मार्च
सरांना नाव हवंच. ते देणार नाही. पानही काढणार नाही. उद्या तिच्याकडे जाते, बघू.

१५ मार्च
म्हातारी ओटीवर होती. मिठबावच्या आबांची नात, एवढंच सांगितलं. सुनेला चहा ठेवायला आत धाडलं तिने. मग हळूच, "तो मगे कदी लुगडा नेसलो काय गो?"
नाही, म्हटलं.
चहा घेऊन निघाले. सरांना अजून फोन केलेला नाही.