क्लॅपरच्या चौफुल्यावरचं डावं वळण

वेनबरी, श्रॉपशायर
२० जानेवारी २०१९

ती. ऑबरीकाकांस,
रोवेनाचा सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललाच तर हवापाणी सांगून ठेवून देता, म्हणून हे पत्र. गुडघा कसा आहे? नॉरफोकच्या सपाट रस्त्यांवर तरी सायकल काढता का? मी ठीक आहे. शाळेत दहावीच्या मुलांना इतिहास शिकवते आणि रविवारी सायकल क्लबबरोबर जाते. आता दर आठवड्याला जेमतेम बाराजण येतात.

बाबा गेल्यावर क्लबने मार्गसचिवाचं काम माझ्या गळ्यात घातलं, हे तुम्हाला माहीत आहेच. बाबांनी आखलेली मे महिन्यातली साठ मैलांची फेरी आता अडचणीत आली आहे. गेल्या वर्षी एकोणीसजण निघाले आणि नऊजणांनी ती पुरी केली. क्लॅपरचा चढ बहुतेकांनी सायकल ढकलतच पार केला, आणि पलीकडच्या उतारावर नॉर्मन क्रंप पडले, त्यांचं खांद्याजवळचं हाड मोडलं. ते आमचे अध्यक्ष. क्लॅपर वगळला नाही तर यंदा कुणी नाव देणार नाही आणि फेरी बंद करावी लागेल, असं त्यांचं म्हणणं. नऊ मार्चला समिती बसणार आहे. मार्ग मी सुचवायचा.

टेकडी काढली तर बाबांची फेरी राहील का? हा प्रश्न मी रोजनिशीत तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला.

त्यातच बाबांचा खाऊचा जुना पत्र्याचा डबा आवरताना त्यांचा १९६७चा नकाशा सापडला. पेन्सिलची रेघ क्लॅपरच्या चौफुल्यावर येते आणि उजवीकडे वळते, ओढ्याकाठाने थेट लिटल हारग्रोवच्या प्रार्थनागृहापर्यंत, जिथे आपण चहाला थांबतो. चढावर रेघच नाही. पण क्लबकडे जपलेल्या प्रत्येक मार्गपत्रिकेत लिहिलंय, चौफुल्यावर डावीकडे. बाबा स्वतःची रेघ मोडणाऱ्यातले नव्हते. पहिल्या फेरीला तुम्ही दोघे टँडेमवर, त्या दोघांच्या सायकलवर होता, तुम्ही पुढे, ते मागे. तेव्हा काय झालं? मला कारण हवंय की परवानगी, ते माझं मलाच नीट कळत नाही. तरी सांगा.

माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.
तुमची,
रोवेना

*

शेरिंगहॅम, नॉरफोक
३० जानेवारी

चि. रोवेनास,
अनेक आशीर्वाद.

गुडघा माझ्याहून म्हातारा झालाय, पण चालतो. इथे चढ म्हणशील तर रेल्वेचा पूल. तो चढलो की शेजारीपाजारी कौतुक करतात. तू क्रंपचं फार मनावर घेऊ नकोस. त्याचा बापही उतारावर ब्रेक धरूनच पडायचा.

उजव्या रस्त्याचं म्हणशील तर त्या काळी ओढ्याला पूल नव्हता. वसंतात पाणी रस्त्यावर यायचं, म्हणून तुझ्या बापाने, विल्फ्रेडने, मार्ग डावीकडे फिरवला. बाकी काही नाही. नकाशा जपून ठेव. डब्यात खाऱ्या बिस्किटांचे तुकडे असतील तर ते मात्र टाक.

तब्येत सांभाळ, तुझ्या काकाला विसरू नकोस.
ऑबरी

*

वेनबरी
११ फेब्रुवारी

ती. काका,
सा. न.

आठवडाभर पाऊस पडला होता, म्हणून मुद्दाम काल गेले. आधी डावीकडे. चढाच्या मधोमध उतरावं लागलं आणि तिथेच कुंपणाला टेकून उभी राहिले. मी आठ वर्षांची असताना बाबांनी याच जागी माझ्या पाठीवर हात ठेवून मला वर ढकललं होतं. त्यांच्या ओल्या रेनकोटाचा वास काल पुन्हा आल्यासारखा वाटला. थोडी रडले. मग मनात आलं, मी टेकडी वाचवायला निघाले आहे की तो हात?

मग परत खाली येऊन उजवीकडे गेले. रस्ता अगदी कोरडा होता. दुतर्फा ओढ्याकाठची हेझलची झाडं, दोन शेतं, एक म्हातारा घोडा. ओढ्यावर दगडी पूल आहे आणि त्याच्या कठड्यावर कोरलंय, १८११.

काका, इतिहास शिकवणाऱ्या पुतणीला पुलाबद्दल थाप मारायची नसते. मी रागावलेली नाही. पण खोट्या कारणावर मी समितीपुढे काही सुचवू शकणार नाही, आणि बैठकीला महिनाही उरलेला नाही.

उत्तराची वाट पाहते. लोभ कमी झालेला नाही, एवढं ओळखा.
रोवेना

*

शेरिंगहॅम
१९ फेब्रुवारी

चि. रोवेनास,
आशीर्वाद.

तू अगदी बापावर गेलीस. तोही असाच, न रागावता माणसाला घाम फोडायचा.

तर ऐक. सदुसष्ट सालच्या मे महिन्यातली पहिली फेरी. मी सत्तावीस वर्षांचा, क्लबमध्ये माझ्याइतकं जोरात चालवणारा कुणी नव्हता, आणि ते मी सगळ्यांना सांगत असे. टँडेमवर हँडल पुढच्याच्या हातात असतं. मागच्याने पाय मारायचे आणि मार्गपत्रिकेचं कार्ड वाचायचं. विल्फ्रेड कार्ड वाचत होता. त्या वर्षी कार्ड एकच होतं आणि ते त्याच्याकडे. मागे सव्वीसजण होते, ते आमच्या पाठीकडे बघून येत होते.

चौफुल्यावर त्याने सांगितलं, उजवीकडे. मला स्वच्छ ऐकू आलं. पण मला वाटलं मला जास्त कळतं, आणि मी डावीकडे वळवली. शंभर यार्डांवर चूक कळली. थांबून मागे फिरायला हवं होतं, पण मागे सगळा क्लब होता आणि त्यात तुझी भावी काकूही होती. मी वर चढतच राहिलो. विल्फ्रेड फक्त पाय मारत राहिला. माथ्यावर पोचल्यावर म्हणाला, नजारा बरा आहे.

पुढच्या वर्षी नवीन कार्ड आलं, त्यावर छापलेलं होतं, डावीकडे. मी त्याला विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मला खाली बघावं लागू नये म्हणून त्याने आपला मार्ग बदलला, आणि माझ्या ताठ्यापायी क्लब बावन्न वर्षं तो डोंगर चढतोय. त्याच्या शेवटच्या आजारपणात माफी मागायची म्हणून आलो होतो. तेव्हाही क्रिकेटबद्दल बोलून परत फिरलो.

समितीला खरं सांग. माझं नाव घेऊन सांग. टेकडी काढून टाक. ती त्याची कधी नव्हतीच.

या थापाड्या म्हाताऱ्यावर जमेल तेवढी माया ठेव.
ऑबरी

*

वेनबरी
१० मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

काल बैठक झाली. सगळं जसं घडलं तसं लिहिते, त्यात माझं चुकलं असेल तर तेही.

तुमचं पत्र पिशवीत होतं, पण मी ते काढलं नाही. तुम्ही सांगायला सांगितलं होतंत, तरी जिभेवर येईना. बाबांनी मरेपर्यंत जे झाकलं ते मी चहाच्या कपांमध्ये उघडं करायचं? यात तुमची काळजी किती आणि बाबांचा मोठेपणा फक्त माझ्यापाशी राहावा हा लोभ किती, ते अजून ठरवता आलेलं नाही. मी फक्त नकाशा टेबलावर पसरला. बाबांचा मूळ मार्ग उजवीकडून होता, म्हणून यंदापासून तोच घ्यावा, असं सुचवलं. क्रंपसाहेबांनी विचारलं, मग का बदलला? मी नकाशाच्या घड्या सरळ करत राहिले.

तेव्हा कोपऱ्यातून डिलिस पार्जिटरबाई बोलल्या. वय चौऱ्याऐंशी, विणकाम सुरूच. त्या म्हणाल्या की पहिल्या वर्षीचं कार्ड त्यांनीच टाइप केलं होतं, विल्फ्रेड सांगत होता आणि त्या टाइप करत होत्या, त्यात उजवीकडेच होतं. ऑबरी डावीकडे वळला तेव्हा त्या रांगेतल्या तिसऱ्या सायकलवर होत्या. त्यांनी मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना. चढाला लागण्याआधीच सव्वीसच्या सव्वीसजणांना माहीत होतं.

क्रंपसाहेबांनी विचारलं, मग हाक का नाही मारली? पार्जिटरबाई सुई न थांबवता म्हणाल्या, "अहो, पोरगा चुकला होता. त्याला एकट्याला कसं जाऊ द्यायचं डोंगरावर?"

काका, तिथे त्या सव्वीसमधले आता तिघे उरलेत. तिघांनीही माना हलवल्या. आणि टेकडी काढायच्या बाजूने पहिला हात पार्जिटरबाईंनीच वर केला. म्हणाल्या, विल्फ्रेड गेला, ऑबरी समुद्रावर जाऊन बसला, आता कुणासाठी चढायचं?

ठराव एकमताने मंजूर झाला. घरी आल्यावर मला वाईट वाटेल असं धरून चालले होते. तसं वाटलं नाही. ही फेरी एकट्या बाबांची आहे असं मी तीन वर्षं मानत आले होते. ते चूक होतं, एवढं मात्र कळलं.

तुम्हाला हे वाचून लाज वाटेल की हलकं वाटेल, मला अंदाज नाही. काहीही वाटलं तरी कळवा.

तुमच्यावर होतं तेवढंच, किंबहुना थोडं जास्तच प्रेम असलेली,
रोवेना

*

शेरिंगहॅम
१६ मार्च

चि. रोवेनास,
आशीर्वाद, आणि पार्जिटरबाईंना नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं, मग समुद्रावर जाऊन आलो. सगळ्यांना माहीत होतं आणि मी माझं गुपित कसं जपलं! पहिला तासभर संताप आला. मग त्या सव्वीसजणांचे चेहरे आठवत बसलो. माथ्यावर पोचल्यावर प्रत्येकाने मला बरा चढ आहे म्हणून सांगितलं होतं. एकानेही डोळा मारला नव्हता.

विल्फ्रेड गेल्यापासून तिकडे यायचं धाडस झालं नाही. आता येतो. मे महिन्यात, फेरीच्या आधीच्या शुक्रवारच्या गाडीने येईन, स्टेशनवर घ्यायला ये. साठ मैल माझ्याच्याने होणार नाहीत. पण मार्ग नवा आहे आणि जुन्या लोकांच्या पायांना डावीकडची सवय. फेरीच्या सकाळी मला चौफुल्यावर सोड, बसायला एक खुर्ची आणि थर्मासभर चहा दे. मी तिथे थांबतो, आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत एकेकाला हात करून उजवीकडे पाठवतो.

भेटीपर्यंत काळजी घे.
तुझा,
ऑबरीकाका