कोणी उचलायचं नाही

॥ जय सेवालाल ॥

आखाडा बाळापूर,
ता. ९ नोव्हेंबर २००३

चि. मिनास प्रेमदासचे अ. आ.

याडी बरी आहे, गुडघे सोडले तर. लेकीसाठी म्हणून तिने तिळाची चटणी करून ठेवली आहे आणि मी खाऊ नये म्हणून डबा धान्याच्या कोठीत लपवला आहे. तुझा स्वतःचा टेलिफोन बूथ असताना भाऊ कागद का खर्चतो, असं म्हणशील. पण कनेरगाव नाक्यावरचे जीपवाले तुझ्या काचेला कान लावून उभे असतात आणि हे बोलणं त्यांच्यासाठी नाही.

तीन डिसेंबरला इथल्या बाजाराच्या मैदानावर सगळ्या जिल्ह्याची अपंग परिषद भरते आहे. दोन हजार माणसं येणार. व्यवस्था माझ्या गळ्यात पडली. समितीचे अध्यक्ष रामकिशनराव सगळ्यांसमोर म्हणाले की, मास्तर, तुमच्या घरीच बहीण तशी हाये, तुमाला समदं बराबर ठाऊक. मी मान हलवून मोकळा झालो. घरी आल्यावर लक्षात आलं की मला काहीच ठाऊक नाही. तू सकाळी उठल्यापासून काय काय करतेस, कशी करतेस, हे मी कधी विचारलेलंच नाही.

त्यात सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्यांच्या अडचणीबद्दल मंचावरून कोणी बोलावं, तर तुझं नाव निघालं. मी नको म्हणणार होतो, पण वहीत तुझं नाव लिहून घेतलं. मुलं पाढे म्हणतात आणि मी मनात मंचाची उंची मोजत बसतो.  काय काय करावं लागेल ते सविस्तर लिही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
प्रेमदास


कनेरगाव नाका,
ता. १४ नोव्हेंबर २००३

ती. भियाच्या पायाशी मिनाचा सा. न. वि. वि.

चटणीचा डबा सापडला असेलच तुला. अर्धी तरी ठेव.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बूथमध्ये एक बाई लेकीशी बोलत होती, तिचं बोलणं केव्हा संपलं ते मला कळलंसुद्धा नाही. मंच हा शब्द वाचला की मला सेनगाव दिसतं. सहा वर्षं झाली, पण तू आणि मी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. आज लिहिते. तीनचाकी सायकली वाटायचा कार्यक्रम होता. चौघांनी मला लाकडी खुर्चीसकट उचलून मंचावर चढवायला घेतलं. खुर्चीचा मागचा डावा पाय तुझ्या हातात होता. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी टाळ्यांमध्येच खाली आले. खुब्याचं हाड मोडलं, सात महिने खाटेवर काढले. तेव्हापासून कोणाचा हात माझ्या खुर्चीखाली आला की मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरते.

म्हणून माझी एकच अट आहे. मी येईन, पण कोणी उचलायचं नाही. मलाही नाही आणि दुसऱ्या कोणालाही नाही. मंचाला उताराची वाट कर. एक फूट उंचीला बारा फूट लांबी धर, त्याहून कमी केलीस तर चाकाची खुर्ची मागे येते. माझी कुबडी सतरंजीत अडकते, तेव्हा वाटेवर काही अंथरू नकोस. आणि बायकांसाठी संडास अगदी जवळ, बसायला खुर्ची असलेला पाहिजे. तुला माहीत नसेल, कार्यक्रमाला जायचं म्हटलं की आम्ही आदल्या दुपारपासून पाणी पीत नाही. आमच्या नाक्यावरची जनकाबाई आंधळी आहे, ती म्हणते की मला तर दोरी बांधून द्या, दोरीला धरून कुठं बी जाईन मी.

मी भ्यायले आहे, भिया. तरी भाषण लिहायला घेतलं आहे.

याडीला माझा नमस्कार सांग आणि माया राहू दे.
मिना


आखाडा बाळापूर,
ता. २१ नोव्हेंबर २००३

चि. मिनास अ. आ.

तू येऊ नकोस.

कारण लिहितो. उताराचं काम तांड्यातल्या थावराकाकांना दिलं होतं. ते बाजारात टेम्पोत बैल चढवायच्या फळ्या बनवतात, हे तुला माहीत आहे. त्यांनी चार फूट उंचीच्या मंचाला आठ फुटांची वाट लावून दिली. मला म्हणाले की, काहून भिऊन राहिला, माजलेला बैल चढतो तर माणूस न्हाई चढणार? मी चाकाच्या खुर्चीत सोयाबीनचं पोतं ठेवून वर ढकललं. निम्म्यावर हात घसरला. खुर्ची पोत्यासकट मागे सुटली आणि शाळेच्या भिंतीवर आदळली.  पोत्याच्या जागी तूच दिसलीस.

मंच खाली घ्या म्हटलं, तर रामकिशनराव म्हणतात की पाहुण्यांचा मान जातो. त्यांनी उचलायला चाळीस पोरं तयार ठेवली आहेत, छातीला बिल्लेसुद्धा लावलेत.

आता जे सहा वर्षं पोटात ठेवलं ते सांगतो. सेनगावला खुर्चीचा पाय मोडला असं मी सगळ्यांना सांगितलं, याडीलाही सांगितलं. पाय मोडला नव्हता. आपण शेवटच्या पायरीवर होतो आणि प्रमुख पाहुणे एकदम समोर आले. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. माझा हात आपोआप कपाळाला गेला. त्यांना रामराम घालायला मी तुझी खुर्ची सोडली, मिना. मग तो पाय मीच मागून मोडून ठेवला.

मला काय म्हणायचं ते म्हण, पण येऊ नकोस.

प्रेमदास


कनेरगाव नाका,
ता. २५ नोव्हेंबर २००३

भियास मिनाचा नमस्कार.

दोन दिवस लिहायला बसते आणि उठते.

मला वाटत होतं की मीच हलले. समोर हार घेऊन उभी असलेली मुलगी बघायला मी मान वळवली होती, म्हणून तोल गेला आणि चार जणांच्या नावाला बट्टा लागला, असं मी सहा वर्षं धरून चालले. कोणी खुर्ची धरली की मी श्वाससुद्धा रोखून बसते. बसमध्ये कोणी हात दिला तर आधी माफी मागते. तू हे बघत होतास. तुला एकदाही वाटलं नाही का रे, हिला सांगावं?

तुझा राग आला आहे आणि तो या पत्रात मावत नाही.

पण मी येणार. माझ्यासारख्या कितीजणी येतील त्यांना ती चाळीस पोरं उचलतील, आणि पोरांसमोरही कोणी तरी पाहुणा येईलच. मंच खाली घे. कसा घ्यायचा ते तू बघ.

मिना


आखाडा बाळापूर,
ता. ५ डिसेंबर २००३

चि. मिनास अ. आ.

परवा तू चारच्या जीपने निघून गेलीस, माझ्याशी एक शब्दही न बोलता. म्हणून हे पत्र.

मंच कसा खाली आला ते तुला कोणी सांगितलं नसेल. रामकिशनरावांना मी चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि थावराकाकांना त्याच आठ फुटी वाटेवरून वर ढकलायला लावलं. निम्म्यावर गेल्यावर ते ओरडायला लागले की, ए थांब, मरतो ना मी! काकांनाही खुर्ची आवरेना. उतरवल्यावर काका म्हणाले की, मास्तर, बैलाला चार पाय असत्यात, हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं. त्याच संध्याकाळी मंच दीड फुटावर आला आणि काकांनी अठरा फुटांची वाट केली. दोरी बांधली, संडास उभे केले. मला वाटलं, सगळं झालं.

आणि सकाळी बघतो तर शेजारच्या जिवनबाईंनी आणि गल्लीतल्या बायकांनी त्या वाटेवर शेणसडा घालून रांगोळी काढलेली. पाहुणे येणार ती वाट कोरडी कशी ठेवायची, म्हणून पहाटे उठून प्रेमाने केलेलं. मी पुसायला पोतं आणायला धावलो, तोवर तू वाटेवर आली होतीस. तुझी कुबडी वीतभर घसरली ते मी बघितलं. चाळीसही पोरं धावली. तू जी किंकाळी मारलीस, हात लावू नका म्हणून, ती अजून माझ्या कानात आहे. 

मग तू खाली बसलीस. कुबड्या बाजूला टाकल्यास आणि पाठमोरी, हातांवर जोर देत, बसून सरकत वर गेलीस. मी खालच्या अंगाला दोन्ही हात पसरून चालत होतो. लावले नाहीत.  तुझं लुगडं शेणाने हिरवं झालं होतं आणि तू तसंच बोललीस. काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही, कारण मी तू उतरणार कशी हेच बघत होतो. मग जिवनबाईंनीच रडत रडत गोणपाटं अंथरली आणि तू त्यांवरून उतरलीस.

रागाने का होईना, एक कार्ड टाक.

तुझा अपराधी,
प्रेमदास


कनेरगाव नाका,
ता. १३ डिसेंबर २००३

ती. भियास सा. न.

कार्ड पुरलं नसतं, म्हणून पाकीट.

परिषदेत ठरलं त्याप्रमाणे हिंगोलीच्या सरकारी कचेरीला उताराची वाट करा, असा अर्ज मी लिहिला. दोनशे सह्या आहेत. तिथे गेले, तर साहेब वरच्या मजल्यावर बसतात. शिपाई जाऊन विचारून आला. साहेब म्हणाले की अर्जदाराने स्वतः समोर येऊन सही केल्याशिवाय अर्ज घेता येत नाही. खाली यायला त्यांना वेळ नाही. जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. बाळापूरसारखी बसून चढले असते, पण त्या दिवशी मनगट मुरगळलं ते अजून सुजलेलं आहे, हे पत्रही मी डाव्या हाताने लिहिते आहे. शिपाई म्हणाला की, ताई, काळजी नका करू, आमी चौघं खुर्चीसकट उचलतो. मी जीपमध्ये बसून परत आले. 

सोमवारी, बावीस तारखेला, साहेब भेटणार आहेत. महिनाअखेर त्यांची बदली आहे. अर्ज दुसऱ्या कोणाच्या हाती मी देणार नाही.

तू ये. खुर्ची नको, ती चार माणसंही नकोत. पाठीवर घे किंवा हातांवर घे, पण तू एकट्याने घे. वर साहेब समोर उभे असतील. मला तुझा राग आहे आणि तुझी भीतीही वाटते, ती काही गेलेली नाही. तरी दुसऱ्या कोणाचं नाव मनात येत नाही.

पहिल्या बसने निघ. मी जिन्याखाली थांबते.

लोभ पहिल्यासारखा नाही, पण आहे.
तुझी मिना